हवा लागलेलं एम-सात

"काळबांडे, हे काय आहे?"

मोहरील सरांनी माझी छोटी काचेची बाटली चिमटीत धरून खिडकीकडे उंच केली, मेलेलं झुरळ मिशीला धरून उचलावं तशी.

"एम-सात आहे सर."

"हे एम-सात?"

त्यांनी कपाटातून स्वतःची बाटली काढली आणि दोन्ही बाटल्या शेजारीशेजारी यूव्ही दिव्याखाली ठेवल्या. दिवा लागला. त्यांच्या बाटलीतली पावडर हिरवट निळ्या उजेडानं अशी पेटली की सरांची हनुवटीसुद्धा खालून हिरवी दिसायला लागली. माझ्या बाटलीत काहीतरी आहे एवढंच कळत होतं.

"ही रांगोळी आहे," सर म्हणाले. "दारात घाल. तुझ्या हाताला गुणच नाही काळबांडे. हे काम हातात असावं लागतं. पांढरीपांडेच्या हातात होतं."

हे एकोणीसशे सत्त्याण्णवच्या सप्टेंबरातलं. विदर्भातल्या एका विद्यापीठात पीएच.डी. करायला लागून मला तीन वर्षं झाली होती, आणि या तीन वर्षांत मी पांढरीपांडेंचं नाव जितक्या वेळा ऐकलं तितक्या वेळा त्यांच्या आईनंही घेतलं नसेल. ते सरांचे पहिले विद्यार्थी. अकरा वर्षांपूर्वी त्यांनी सरांच्या हाताखाली एम-सात बनवलं होतं. एम म्हणजे मोहरील आणि सात म्हणजे सातवा प्रयत्न. कार्बनच्या एका कड्यात फॉस्फरसचा एक अणू बसवलेला, आणि यूव्ही प्रकाश पाडला की झगझगीत उजळणारा असा तो पदार्थ होता. परदेशातल्या मोठ्या नियतकालिकात त्यावर पेपर आला. त्याचं पहिलं पान सरांच्या केबिनमध्ये चौकटीत लावलेलं होतं. पांढरीपांडे जर्मनीला निघून गेले आणि तिथून त्यांनी कोणाच्याही पत्राला उत्तर दिलं नाही. त्यांची बाटली मात्र कपाटात राहिली. दसऱ्याला विभागातल्या यंत्रांची पूजा व्हायची तेव्हा त्या बाटलीलाही हळदकुंकू लागायचं. बुचावरचं कुंकू पुसायची मुभा कोणालाच नव्हती.

पेपरात लिहिलं होतं की फॉस्फरसवर इलेक्ट्रॉनांची एक मोकळी जोडी असते आणि त्या जोडीमुळेच हा रेणू इतका उजळतो. तिला हवा लागू द्यायची नाही, नाहीतर फॉस्फरस ऑक्सिजन धरून बसतो आणि माल बिघडतो. माझं काम सोपं होतं. एम-सातची अकरा भावंडं बनवायची आणि ती त्याच्यापेक्षा जास्त उजळतात असं दाखवायचं.

मी अकराही बनवली. सगळी मिणमिणती. मग सर म्हणाले, आधी एम-सातच बनवून दाखव. ते मी नऊ वेळा बनवलं. नायट्रोजनच्या सिलिंडरला बाळासारखं सांभाळलं. सगळी भांडी ओव्हनमध्ये तापवून घेतली, द्रावक दोनदोनदा ऊर्ध्वपातित केले. एक गंमत मात्र माझ्या लक्षात येत होती, आणि ती सांगायची कोणाला हे कळत नव्हतं. मी जितकं नीट काम करायची, तितका पदार्थ आणखी मंद व्हायचा. पहिल्या वेळी घाईत केलेला नमुना त्यातल्या त्यात बरा होता. नववा तर जवळजवळ मेलेलाच.

सरांनी स्वतः अकरा वर्षांत चंबूला हात लावला नव्हता. ते विभागप्रमुख होते, आणि विभागप्रमुखाचा चंबू म्हणजे टेलिफोन.

दिवाळीच्या सुटीच्या आदल्या दिवशी नायट्रोजनचं सिलिंडर संपलं. स्टोअरवाला म्हणाला, नवीन आता सुटीनंतर. माझ्या चंबूत दहाव्या एम-सातचं द्रावण होतं आणि दर्यापूरची एसटी चाळीस मिनिटांत सुटणार होती. मी चंबूच्या तोंडात कापसाचा बोळा कोंबला, तो खिडकीत ठेवला आणि मनातल्या मनात सरांना एक शिवी देऊन निघून गेले. घरी चुलतबहिणीचं लग्न निघालं. चांगली अठरा दिवसांनी परतले.

चंबूतला द्रावक उडून गेला होता. तळाशी पिवळसर पापुद्रा. तुळशीराम, आमचे प्रयोगशाळेतले परिचर, झाडू मारता मारता थांबले. तुळशीराम निवृत्तीला आलेले, मोहरील सर स्वतः विद्यार्थी असल्यापासून त्या खोलीत होते.

"मॅडम, हे फेकू काय? पार वाळून गेलं."

"थांबा, एकदा दिव्याखाली बघते."

बघितलं. मग दिवा बंद करून परत लावला, कारण माझा विश्वास बसेना. चंबूचा तळ असा पेटला होता की तुळशीरामांनी झाडू खाली टाकला.

"आवो मॅडम! हे तं सरच्या बाटलीवानी झालं!"

सर धावत आले. खरोखर धावत, चप्पल न घालता. त्यांनी आपली बाटली शेजारी धरली. एकच रंग, एकच तेज. त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली. तीन वर्षांत पहिल्यांदा.

"हात बसला काळबांडे! काय वेगळं केलंस?"

"या वेळी नीट केलं सर," मी म्हणाले.

त्यांनी पेढे मागवले. मी दोन खाल्ले. तिसरा परत खोक्यात ठेवला. कारण मी नीट काहीच केलं नव्हतं. मी केलं होतं ते फक्त लग्नाला जाणं.

पुढचे दोन दिवस मी विचार केला आणि तिसऱ्या दिवशी तुळशीरामांना कँटीनमध्ये चहा पाजला.

"तुळशीरामकाका, सरांच्या कपाटाची किल्ली तुमच्याकडे असते ना?"

"असते. काहून?"

"त्या बाटलीतली चिमूटभर पावडर पाहिजे."

त्यांनी कप खाली ठेवला. "कुकू लावलेल्या बाटलीतली?"

"कुंकू बुचाला आहे. पावडरीला नाही."

"मॅडम, सरले समजलं तं मले पेन्शनच्या आधी घरी बसवतीन."

"नाही समजणार. मीठ चाखतो तेवढीच घ्यायची."

त्यांनी आजूबाजूची टेबलं बघून घेतली. मग म्हणाले, "तुमाले पन तसंच वाटते काय?"

"कसं?"

"की पांढरीपांडे सायेब आळशी होते."

मला हसू आवरेना. तुळशीरामांनी अकरा वर्षं कोणाला न सांगितलेली गोष्ट सांगितली. पांढरीपांडे दुपारी चंबू उघडा टाकून सिनेमाला जायचे. नायट्रोजनची नळी त्यांनी एकदा सायकलच्या पंक्चरसाठी कापून नेली होती. "पन सर कधी आतमदी यायचेच नाही," तुळशीराम म्हणाले. "कोन सांगनार?"

आमच्या विद्यापीठातल्या यंत्राला फक्त हायड्रोजन दिसायचा. फॉस्फरस कुठे, कशाला चिकटून बसलाय, हे दाखवणारं यंत्र मुंबईच्या एका संस्थेत होतं. तिथं माझी एक वर्गमैत्रीण होती. मी तीन नळ्या पाठवल्या. पहिलीत माझं नववं, स्वच्छ आणि मंद. दुसरीत दिवाळीतलं. तिसरीत तुळशीरामांनी आणून दिलेली सरांच्या बाटलीतली चिमूट. नळ्यांवर फक्त एक, दोन, तीन लिहिलं. मग पेपर परत काढून वाचला. त्यात कार्बन आणि हायड्रोजनचे टक्के थोडे चुकलेले होते, आणि खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं की नमुन्यात पाण्याचा एक रेणू राहिला असावा. पाण्याच्या रेणूचं वजन अठरा, ऑक्सिजनच्या अणूचं सोळा; टक्क्यांत दोन्ही जवळजवळ सारखेच दिसतात. मी ती ओळ वाचली आणि कॅल्क्युलेटर बंद केलं.

जानेवारीत दिल्लीहून समिती येणार होती. आमच्या विभागाला विशेष संशोधन केंद्राचा दर्जा द्यायचा की नाही हे ती ठरवणार, आणि दर्जा मिळाला तर सर केंद्राचे पहिले संचालक. भिंतींना रंग लागला. मोडके स्टूल गच्चीवर गेले. शुक्रवारी सकाळी अकरा वाजता एम-सातचं प्रात्यक्षिक, ते काळबांडेनं करायचं, असं ठरलं.

मुंबईचा लिफाफा त्या आठवड्यात सोमवारी आला. आत तीन कागद होते. पहिल्या कागदावर टोक एका जागी, दुसऱ्यावर आणि तिसऱ्यावर दुसऱ्याच एका जागी, तंतोतंत सारखं. मैत्रिणीनं पेन्सिलीनं लिहिलं होतं: "एक नंबर फॉस्फीन. दोन आणि तीन त्याचं ऑक्साइड. अगं, दोन नि तीन एकच पदार्थ आहे, मग दोनदा कशाला पाठवलास?"

म्हणजे जे उजळत होतं ते एम-सात नव्हतंच. ते हवा लागून बिघडलेलं एम-सात होतं. फॉस्फरसवरची मोकळी जोडी रेणूला उजळवत नव्हती, ती उजेड गिळत होती. तिच्या तोंडात ऑक्सिजन कोंबला की ती गप्प बसायची आणि उजेड बाहेर पडायचा. सरांच्या चौकटीतला पेपर नेमका उलटा होता. आणि मी तीन वर्षं जगातलं सगळ्यात शुद्ध एम-सात बनवत होते आणि त्यासाठीच शिव्या खात होते.

सोमवारी सर कुलगुरूंकडे होते. मंगळवारी ते रंगाऱ्यांवर ओरडत होते. बुधवारी चहा पिताना त्यांनी मला विचारलं, "सगळं तयार आहे ना?" मी हो म्हणाले. लिफाफा माझ्या पर्समध्ये होता, गुडघ्यावर.

गुरुवारी रंगीत तालीम झाली. सगळा विभाग हॉलमध्ये. सर समितीसमोर काय बोलणार ते बोलून दाखवत होते. "आमची पद्धत किती पक्की आहे बघा," ते म्हणाले आणि माझ्याकडे हात केला. "ही काळबांडे. हिच्या हातूनसुद्धा आता एम-सात होतं!"

सगळे हसले. मीही हसले. संध्याकाळी जाऊन मी नवव्या एम-सातची बाटली पर्समध्ये लिफाफ्याशेजारी ठेवली.

शुक्रवारी समितीत पाच जण होते. त्यातल्या चौघांना भूक लागलेली दिसत होती. पाचव्या पद्मिनी रंगाचारी नावाच्या बाई, पांढरे केस, जाड भिंगांचा चष्मा. त्या इंग्रजीत बोलत होत्या, मी मराठीत सांगते. सरांचं भाषण छान झालं. माझ्या हाताचा विनोदही झाला. मग पडदे ओढले, आणि तुळशीराम दाराजवळच्या बटनापाशी उभे राहिले.

"लाइट," सर म्हणाले. हॉलमध्ये अंधार झाला.

मी यूव्ही दिवा लावला. सरांची बाटली उजळली. शेजारी माझी दिवाळीची. हॉलभर 'ओहो' झालं, टाळ्या पडल्या. अंधारातून रंगाचारी बाईंचा आवाज आला.

"सुंदर. मुली, हवा लागू नये म्हणून तू काय काय काळजी घेतलीस?"

"काही नाही, मॅडम. मी चंबू उघडा टाकून एका लग्नाला गेले होते."

लोक हसले. सरही हसले, विनोद समजून. मी तिसरी बाटली काढून दिव्याखाली ठेवली. ती काही केल्या उजळली नाही.

"हे एम-सात आहे," मी म्हणाले. "नायट्रोजनखाली बनवलेलं, शुद्ध. आणि या दोन बाटल्यांत हवा लागून बिघडलेलं एम-सात आहे. माझ्याकडे तिन्हींचे मुंबईच्या यंत्रावर काढलेले फॉस्फरसचे आलेख, एनएमआर, आहेत."

हॉलमध्ये कुणाची खुर्ची कुरकुरली. दिव्याचा बारीक गुणगुण आवाज तेवढा येत होता.

"सर," दाराजवळून तुळशीराम म्हणाले, "लाइट लावू काय?"

"राहू दे," सर म्हणाले.

मला वाटतं, मिनिटभर तरी आम्ही सगळे तसेच अंधारात बसलो होतो. मग रंगाचारी बाई म्हणाल्या, "मला ते कागद दाखवा," आणि त्यांनीच उठून पडदा सरकवला. तोवर सर बाजूच्या दारानं निघून गेले होते.

केंद्राचा दर्जा दुसऱ्या विद्यापीठाला गेला. सर माझ्याशी बोलेनात. प्रात्यक्षिकानंतर चार दिवस ते विभागात आलेच नाहीत. वसतिगृहात माझ्या खोलीतल्या मैत्रिणींनी मला नवीन गाइड शोधायला सांगितलं. मी दोघांकडे जाऊनही आले. दोघांनी चहा दिला आणि दोघांनी एकाच शब्दांत सांगितलं की सध्या जागा नाही. जी मुलगी एका गाइडचं असं करते, ती दुसऱ्याचं काय करेल, हे त्यांच्या चेहऱ्यावर लिहिलेलं होतं.

पाचव्या दिवशी सकाळी मी प्रयोगशाळेत गेले तर दारात तुळशीराम स्टुलावर बसलेले.

"आत नोका जाऊ. सर हायेत."

"आत?"

"ॲप्रन घातलं. कोनाचं तरी घातलं, बटनं लागून नाही राहिले."

सरांनी एम-सात स्वतः बनवायला घेतलं होतं. आठवडा लागला. आम्ही दोघं बाहेर बसून काच फुटल्याचे आवाज मोजत होतो. तीन चंबू, एक कंडेन्सर. एकदा आतून मोठ्यांदा अशी एक शिवी आली की तुळशीरामांनी मला पाणी आणायला पाठवलं. सातव्या दिवशी दार उघडलं.

"काळबांडे, आत ये."

सरांच्या बोटांना तीन पट्ट्या होत्या. दिव्याखाली एक बाटली, विझलेली. माझ्या नवव्याइतकी स्वच्छ नव्हती, पण मंद होती. त्यांनी माझ्यादेखत पावडर द्रावकात विरघळवली, त्यात हायड्रोजन पेरॉक्साइडचे काही थेंब सोडले आणि हलवलं. आम्ही उभेच होतो. हळूहळू तळापासून ती हिरवट निळी झळाळी वर चढत गेली, आणि सरांची हनुवटी परत हिरवी झाली.

"तुझी अकरा भावंडं कुठे आहेत?" त्यांनी विचारलं.

"फ्रिजमध्ये सर. सगळी मिणमिणती."

"आण."

दुपारपर्यंत आम्ही अकराही बाटल्यांत पेरॉक्साइड घातलं. नऊ उजळल्या. त्यातली चौथी तर कपाटातल्या बाटलीच्या दुप्पट. सर एका कागदावर आकडे लिहीत होते आणि मी सांगत होते, आणि आम्हा दोघांनाही जेवायची आठवण झाली नाही. तुळशीराम डबा ठेवून गेले.

त्याच आठवड्यात सरांनी नियतकालिकाला पत्र लिहिलं की आमचा शहाऐंशी सालचा पेपर चुकीचा होता, चूक आमच्या विद्यार्थिनीनं शोधली, आणि ती विद्यार्थिनी रेखा काळबांडे. पत्र छापून आलं. त्या वर्षी विभागप्रमुखपद त्यांच्याकडून गेलं. कँटीनमध्ये लोक त्यांना पाहून 'हवा येऊ दे' म्हणायचे. आठ महिन्यांत माझा प्रबंध पूर्ण झाला, आणि तो सरांनी ओळ न ओळ तपासला.

याला आता पंचवीसहून जास्त वर्षं झाली. फॉस्फरसला ऑक्सिजन, गंधक, सोनंसुद्धा लावून उजेड कसा वाढवायचा हे आज मुलं पाठ्यपुस्तकात वाचतात. मला दरवर्षी कुठलंतरी महाविद्यालय बोलावतं. विषय ठरलेला: 'संशोधनातील प्रामाणिकपणा'. भर समितीसमोर खरं बोलणारी विद्यार्थिनी, अशी ओळख करून देतात. शाल, श्रीफळ. मी घेते. एक भाग तेवढा त्या भाषणात सांगत नाही.

तो त्या अकरा बाटल्यांच्या दुपारचा आहे. शेवटची बाटली झाल्यावर सर नळाखाली स्वतः चंबू धूत उभे होते. पाठमोरे.

"काळबांडे, मुंबईचा लिफाफा कधी आला?"

"समिती आली त्याच आठवड्यात सर."

"वार?"

मी टेबलावरच्या बाटल्या ओळीत लावायला घेतल्या.

"आवक रजिस्टरात तुझी सही सोमवारची आहे," ते म्हणाले. "काल बघितली. मंगळवार, बुधवार, गुरुवार. बुधवारी माझ्यासमोर बसून चहा प्यालीस. मला खोलीत सांगितलं असतंस तर मी ते प्रात्यक्षिक रद्द केलं असतं. ओरडलो असतो तुझ्यावर, पण रद्द केलं असतं."

"हो सर."

"मग थांबलीस कशाला? शास्त्रासाठी?"

नळ चालूच होता. हो म्हणणं सोपं होतं.

"नाही सर. तुमचं तोंड बघायचं होतं. सगळ्यांसमोर पडलेलं."

त्यांनी नळ बंद केला. चंबू उलटा करून खुंटीवर लावला, हात ॲप्रनला पुसले आणि माझ्याकडे वळले.

"मग दिसलं का?"

"नाही सर. अंधार होता."

सर हसले. आधी नाकातून, मग मोकळेच, इतके की त्यांना टेबल धरावं लागलं आणि बाहेरून तुळशीरामांनी दार ढकलून आत डोकावून पाहिलं. मलाही हसू फुटलं. मग त्यांचं हसणं थांबलं. त्यांनी चष्मा काढून डोळे पुसले, आणि ते पुसणं जरा जास्त वेळ चाललं.

"बरं झालं," ते म्हणाले, आणि पुढचा चंबू धुवायला घेतला.